शंख बदलणारा खेकडा : मित्रास पत्र

वेंगुर्ले,
त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कार्टून मालिकेचा पाचवा भाग परवा मिळाला. आमच्याकडे रेंज पडवीतच येते, म्हणून मी आणि माझा भाचा पायरीवर बसून तो पाहिला. त्याने दोनदा, मी चारदा. तू मत विचारलेस ते राजकीय टोमण्यांबद्दल, त्यामुळे चित्रांविषयी आणि आवाजांविषयी एवढेच लिहितो की दोन्ही झकास आहेत, फक्त तुझा सरपंच मालवणी बोलता बोलता मध्येच सदाशिव पेठेत जाऊन येतो.

आठ मिनिटांत मी अकरा टोमणे मोजले. त्यांतल्या तिघांना भाचा हसला. उरलेल्या आठांत तू कोणाच्या ना कोणाच्या गाजलेल्या वाक्याची नक्कल केली आहेस, आणि ती वाक्ये गेल्या पावसाळ्यातली आहेत. ते वाक्य कोण, कोणत्या सभेत, कोणाला उद्देशून बोलले, हे मी त्याला सविस्तर समजावले. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "बरां." इतकी थंड दाद मी आजवर ऐकलेली नाही.

दोष तुझ्या लेखणीचा नाही, वेळेचा आहे. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर आठव. काळे कपडे, काळा मुखवटा, आणि भटजीशी चाललेली त्याची हुज्जत. त्याचे एकही वाक्य लिहिलेले नसते. दुपारी ग्रामपंचायतीत भांडण झाले, तर रात्री जत्रेत ते त्याच्या तोंडी येते आणि दुसऱ्या गावच्या जत्रेत दुसरे भांडण येते. शिळे होण्याइतका वेळच त्या विनोदाला मिळत नाही. तुझे तसे नाही. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी आठ मिनिटांना ५,७६० चित्रे होतात; तू संगणकावर हातपाय जोडून काम सोपे करतोस हे मला ठाऊक आहे, तरीही एका भागाला तुला तीन महिने लागतात. तीन महिन्यांत आपल्याकडे पुढारी एक पक्ष सोडून दुसऱ्यात रुळलेलासुद्धा असतो.

संकासुराचा एक विनोद मात्र वर्षानुवर्षे टिकला. मधू दंडवते आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते त्या काळात, आपण शाळेत असताना, भटजी दर जत्रेत विचारायचा, "रे संकासुरा, रेल्वे इली काय?" आणि तो हात नाचवत म्हणायचा, "इली! पण अजून कागदारच धावता." उत्तर सर्वांना पाठ होते, तरी लोक हसायचे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तो विनोद त्या दिवशी मेला. त्याच्या जागी मग मुंबई-गोवा महामार्ग आला. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून मंत्री बदलले, सरकारे बदलली, आणि 'यंदाच्या गणपतीआधी' हे शब्द तेवढे कायम राहिले. संकासुराला मंत्र्याचे नाव घ्यावेच लागत नाही. त्याने नुसता 'गणपतीआधी' असा शब्द काढला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावतात.

आता तुझ्या खेकड्याकडे येतो, कारण मला खरे लिहायचे आहे ते त्याच्याविषयी. शंखात राहणारा खेकडा मोठा शंख दिसताच जुने घर टाकून त्यात शिरतो, हे पक्षांतराला लावणे ही या भागातली सर्वांत उत्तम कल्पना आहे, आणि भाचा मोठ्याने हसला तो तिथेच. परंतु तू त्या शंखावर त्या आमदाराचे नाव घातलेस, पक्षाचे चिन्ह रंगवलेस, वर तारीखही लिहिलीस. हे सगळे पुसून टाक. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून 'आयाराम गयाराम' हा शब्द आला. आज तो शब्द आपल्या नाक्यावरचा रिक्षावालाही वापरतो. तो कोणा माणसाच्या नावावरून आला, हे त्याला माहीत असण्याची गरजच उरलेली नाही. तुझ्या खेकड्याचे तसे व्हायला हवे.

मी भिऊन असे सुचवतो आहे असे तुला वाटेल. तसे नाही. अमेरिकेत मार्क फिओरे हा व्यंगचित्रकार इंटरनेटसाठीच राजकीय अॅनिमेशन करतो. सार्वजनिक व्यक्तींची थट्टा केली म्हणून अॅपलने त्याचे अॅप नाकारले होते. २०१० मध्ये त्याला पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, ओरड झाली, मग ते अॅप स्वीकारले गेले. तो नावे घेतो, चेहरे काढतो, आणि ते त्याला शोभते, कारण त्याचे काम आठवड्याच्या आठवड्याला लोकांपुढे येते. तुझ्या तीन महिन्यांना ते परवडणारे नाही.

काल ओहोटीला भाच्याला घेऊन मुद्दाम खडपात गेलो. एक रिकामा मोठा शंख ठेवून अर्धा तास बसलो. आधी एक खेकडा आला आणि त्याने तो चाचपला. मग त्याच्या मागे त्याच्याहून लहान, त्याच्या मागे आणखी लहान, असे चार जण जमले. पहिल्याने उडी मारताच त्याच्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, असे पापणी लवते न लवते तोच सगळे घरे बदलून मोकळे झाले. मला राज्यघटनेची दहावी अनुसूचीच आठवली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकट्याने उडी मारली तर आमदारकी जाते, पण दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचते. तुझा खेकडा एकटाच उडी मारतो, तिथे ही रांग घाल. कायद्याचा एक शब्दही बोलू नकोस. फक्त पुढचा खेकडा मागे वळून डोके मोजताना दाखव.

भाच्याची मात्र वेगळीच सूचना आहे. सगळे निघून गेल्यावर सर्वांत लहान शंख वाळूत रिकामा पडून राहिला होता. तो उचलून त्याने मला विचारले, "मामा, हेच्यात आता कोण?" त्या रिकाम्या शंखावर कॅमेरा चार सेकंद थांबव, संगीताशिवाय. शंख मी ठेवून दिला आहे. चित्र काढायला हवा असेल तर मोचेमाडच्या जत्रेला ये आणि घेऊन जा.

तुझाच,
जुना बाकमित्र