तपासणीला येता, तर लेकरांशी बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एस.टी.त वाहक आहे. माझी मुलगी बारा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पाच वर्षांपासून ती लातूर भागातल्या एका निवासी कर्णबधिर शाळेत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची वही चाळली. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानावर वार, दिनांक, सुविचार, कोपऱ्यात पट ३२, हजर २९. फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं. एका पानावर ‘माझ्या वडिलांचे नाव’ असं लिहून पुढे भलतंच नाव होतं. सरांनी नमुन्याला लिहिलं असेल. त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण. मी त्या नावावर बोट ठेवलं, मग माझ्या छातीवर ठेवलं. तिने मान हलवली आणि पेन घेऊन तेच वाक्य खाली परत लिहून दाखवलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शिक्षक मायाळू आहेत. पण शिकवणं तोंडाने चालतं, आणि सांकेतिक भाषा त्यांच्यापैकी एकालाही येत नाही. पोरीला ज्या खुणा येतात त्या वसतिगृहातल्या मोठ्या मुलींकडून आलेल्या.

आमच्या ओळखीत शिलाईकाम करणारा एक तरुण आहे, त्यालाही ऐकू येत नाही. तिला त्याच्याकडे नेलं. अर्धा तास दोघांचे हात थांबेनात. मग त्याने मला कागदावर लिहून दिलं: रात्री लाईट गेली की हात दिसत नाहीत, कुणाशीच बोलता येत नाही, म्हणून ती भिते. हे बापाला पाच वर्षांनी कळालं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम १७ मध्ये, सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक नेमायला सांगितलं आहे, त्यात दिव्यांग शिक्षकही आले. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा कोश पुरा केला. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात. ड्यूटी संपली की मी रोज पाच खुणा शिकतो.

दिवाळीला तिला आणायला गेलो तेव्हा शाळेत तपासणी चालू होती. हजेरीपट पाहिला, धान्य पाहिलं, गाद्या मोजल्या. एकाही लेकराला कुणी काही विचारलं नाही.

दिव्यांग कल्याण विभागाला माझी विनंती आहे. तपासणीला सांकेतिक भाषा येणारा एक मोठा कर्णबधिर माणूस आणि दुभाषी सोबत न्या. चार लेकरांना बाजूला बसवून विचारा, काय समजलं, काय नाही, आणि ती उत्तरं शेऱ्यात लिहा. रिकाम्या जागा भरताना ही भाषा येणाऱ्याला आधी घ्या; तो स्वतः कर्णबधिर असला तर फारच चांगलं. आहेत त्या शिक्षकांना सुट्टीत प्रशिक्षण द्या. आणि शाळा जूनमध्ये उघडायच्या आत वसतिगृहांना इन्व्हर्टर बसवा. मी पोरीला बॅटरी घेऊन दिली आहे, पण तिच्या खोलीत अजून अकरा मुली झोपतात.

आपला,
एक पालक, अहमदपूर तालुका, जि. लातूर