तिच्या नोंदींखाली आपल्या नोंदी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी आठवडाभरात दोनदा लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा अर्धवट ठेवले, कारण लेकीच्या प्रयोगवहीतले ते पान समोर आले की अजूनही मला भरून येते. आपले आभार मी आपल्याला भेटूनही मानू शकले असते. तरीही हे सर्वांसमोर लिहिते आहे, कारण मुलांच्या हाती मोजपट्टी आणि स्टॉपवॉच देणाऱ्या प्रत्येकाने आपण काय केलेत ते वाचावे, असे मला मनापासून वाटते.

आधीच्या शाळेत घडलेले आपल्याला थोडेफार ठाऊक आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस दोलनांसाठी किती वेळ लागतो, तो तीनदा मोजायचा होता. माझ्या मुलीला ४०.६, ३९.९ आणि ४०.३ सेकंद असे तीन आकडे मिळाले आणि तिने ते जसेच्या तसे लिहिले. वर्गातल्या इतर बहुतेक वह्यांमध्ये मात्र तिन्ही ओळींत ४०.१ हा एकच आकडा होता, कारण सूत्राने साधारण तेवढेच उत्तर येते आणि ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेले होते. तिच्या तिन्ही नोंदींवर लाल रेघ ओढली गेली आणि ‘नीट बघून लिहून आण’ असा शेरा मिळाला. ‘बघून’ म्हणजे लंबकाकडे बघून नव्हे, शेजारणीच्या वहीत बघून, हे तिला पहिल्याच दिवशी कळले.

हाताने चालू-बंद केलेल्या घड्याळावर तिन्ही वेळा दशांशापर्यंत तोच आकडा येणे किती अवघड आहे, हे विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीला माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूपर्यंत पोचून बोटाने बटण दाबेपर्यंत साधारण दोन दशांश सेकंद जातात आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. म्हणूनच तर एका दोलनाऐवजी वीस दोलने मोजायची, म्हणजे ती चूक वीस जणांत वाटल्यासारखी वाटली जाते आणि एका दोलनाच्या वाट्याला अगदी थोडी येते. जिने खरोखर मोजले तिच्या वहीवर लाल रेघ आली आणि ज्यांनी लंबकाकडे पाहिलेही नाही त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याहून जास्त सलते ते हे, की मीसुद्धा तेव्हा तिला ‘सांगतात तसे लिहून टाक’ असेच म्हणाले होते. त्यानंतर वर्षभर तिने एकही माप स्वतः घेतले नाही. आधी शेजारची वही पाहायची आणि मग पट्टी हातात घ्यायची, अशी सवयच तिला लागली.

आपल्या प्रयोगशाळेत पहिल्याच तासाला तिने नोंदींचा तक्ता कोरा ठेवला होता. आपण तिला रागावला नाहीत आणि समजूतही घातली नाहीत. ‘तू आधी मोज, मग मी मोजते,’ एवढेच म्हणालात. आधी मीटरपट्टीने दोऱ्याची लांबी घ्यायची होती. पट्टीची शून्याकडची कड झिजलेली असल्याचे आपण तिला बोटाने दाखवलेत आणि एकच्या खुणेपासून मोजून शेवटी एक वजा करायला सांगितलेत. लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत नव्हे, मध्यापर्यंत धरायची, हे तिचे तिलाच आठवले. मग तिने घड्याळ लावले. तिच्या तीन नोंदी पुन्हा वेगवेगळ्या आल्या आणि तिचा हात वहीवर थांबला.

त्या वेळी आपण जे केलेत ते कदाचित आपल्या लक्षातही राहिले नसेल. आपण तिच्याच स्टॉपवॉचवर, तोच लंबक तीनदा सोडून वेळ घेतलात आणि तिच्या हातातली पेन्सिल मागून घेऊन, तिच्या नोंदींच्या खाली आपल्या तीन नोंदी लिहिल्यात: ४०.०, ४०.४, ४०.२. शिक्षकांची तीन रीडिंगही एकमेकांशी जुळत नव्हती! तिच्या आकड्यांवर काट मारणे तर दूरच, आपले आकडे वर किंवा बाजूला चौकटीत न लिहिता आपण ते तिच्याच ओळींखाली, त्याच रकान्यांत लिहिलेत आणि मग सहाही नोंदींची सरासरी तिच्याकडून काढून घेतलीत. त्या दिवशी घरी आल्यावर तिने दप्तरही खाली ठेवले नव्हते आणि ती म्हणाली, “आई, बाईंचंपण वेगवेगळं येतं.” वर्षभरात मी तिला इतके मोकळे बोलताना ऐकले नव्हते.

नंतर आपण वर्गाला किलोग्रॅमची गोष्ट सांगितल्याचेही तिच्याकडूनच कळले. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा एक दंडगोल पॅरिसजवळ १८८९ पासून साऱ्या जगाचा किलोग्रॅम म्हणून जपून ठेवलेला होता आणि शंभरेक वर्षांत त्याच्या आणि त्याच्या प्रतींच्या वस्तुमानांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. तो आकडा कुणी खोडला नाही, लपवला नाही. त्यावर वर्षानुवर्षे काम झाले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या तुकड्याऐवजी प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या राशीवर, आधारली गेली. न जुळणाऱ्या आकड्याकडे जगातले सर्वांत काटेकोर लोक असे पाहतात, हे चौदा वर्षांच्या मुलीला नेमके हवे तेव्हा समजले. बाई, आपली चूक होऊ शकते हे मुलांसमोर, मुलांच्याच वहीत लिहून देणारी माणसे फार थोडी भेटतात. अशा माणसांच्या हाताखाली मूल नुसते विज्ञान शिकत नाही, ते न घाबरता खरे बोलू लागते.

परवा तिने धाकट्या भावाला दाराच्या चौकटीशी उभे करून त्याची उंची मोजली. १३१.२, १३१.५ आणि १३०.९ सेंटिमीटर अशा तीन नोंदी झाल्या. त्याला सर्वांत मोठा आकडा हवा होता, पण तिने तिन्ही लिहिले. मग माझ्या हातात टेप आणि पेन्सिल देत म्हणाली, “आता तू मोज.” मला १३१.० मिळाले. ते मी तिच्या नोंदींखाली लिहिले.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई