‘जारवा’ हे नाव कोणी दिले?

महोदय,

दक्षिण व मध्य अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या जंगलात राहणारे आणि २०११च्या जनगणनेत जेमतेम ३८० भरलेले ज्यांना आपण ‘जारवा’ म्हणतो, ते लोक स्वतःला ‘आंग’ म्हणवतात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणसे’ असा आहे. ‘जारवा’ हा शब्द मात्र त्यांचा नाही. दक्षिण अंदमानात पूर्वी बोलल्या जाणाऱ्या आका-बेआ भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘परके’ असा सांगितला जातो आणि शेजाऱ्यांकडून तो ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उचलल्यावर सरकारी कागदपत्रांत कायमचा रुजला. खेदाची बाब अशी की, आका-बेआ बोलणारे आज कोणीही उरलेले नाही, पण तिच्यातला हा एक शब्द टिकला, तोही दुसऱ्यांच्या माथी. अंदमानातीलच उत्तर सेंटिनेल बेटावर राहणाऱ्या लोकांचे ‘सेंटिनेली’ हे नाव तर त्या बेटाच्या इंग्रजी नावावरून पडले आहे.

सेल्युलर जेलमुळे अंदमान मराठी वाचकांना जवळचे आहे. म्हणून विनंती अशी की, तेथील बातम्या छापताना ‘जारवा’ या रूढ नावाबरोबर ‘आंग’ हे त्या लोकांचे स्वतःचे नावही आपण आवर्जून द्यावे.

– एक वाचक, पुणे