सुभेदार काका, तुमचे आभार

आदरणीय सुभेदार काका,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सापडली. पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, लढाईतून आणली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. पुतण्याने मोबाईलवर परदेशातल्या किमती बघितल्या आणि घरात लाखांचे आकडे सुरू झाले. जुन्या वस्तू घेणारा एकजण तर दारात येऊन रोख पंधरा हजार देतो म्हणाला, कागदाची भानगड नको म्हणाला. त्याच संध्याकाळी मी तुमच्या पाचगावच्या घरी आलो, हे नशीबच.

तुम्ही आलात आणि पहिलं वाक्य बोललात, "कुणी हात लावायचा न्हाई. आधी रिकामी हाय का बगू." नळी भिंतीकडे करून चापाखालची दांडी खाली ओढलीत, आतला ठोकळा खाली गेला, आणि बॅटरी लावून काडतुसाची जागा रिकामी असल्याची खात्री केलीत. मगच आम्हाला जवळ बोलावलंत. उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराचा छोटासा काटा आहे, आतला घोडा चढलाय की नाही ते तो सांगतो, हेही तुम्हीच दाखवलंत. पॉलिश पेपर घेऊन बसलेल्या माझ्या भावाला तेवढं रागावलात. घासलं की खुणा जातात, आणि खुणा गेल्या की उरतं ते नुसतं लोखंड. मऊ फडकं आणि दोन थेंब तेल, बास.

मग पातळ कागद ठेवून तुम्ही पेन्सिल फिरवलीत. आधी मुकुट उमटला, त्याखाली व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, मग एनफिल्ड हे कारखान्याचं नाव, 1878 आणि रोमन दोन. मार्टिनी-हेन्री रायफल, मार्क दोन म्हणजे दुसरी आवृत्ती. ठोकळ्याची रचना स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या सात खाचा एडिंबरोच्या हेन्रीच्या. ब्रिटिश फौजेने ही 1871 मध्ये स्वीकारली. एका वेळी एकच काडतूस, तेही काळ्या दारूचं. वायव्य सरहद्दीवरच्या, खैबरकडच्या कारागिरांनी केलेल्या नकलांत अक्षरं उलटी पडतात, राणी 1901 मध्ये वारली तरी पुढच्या सालावर व्ही. आर. असतं. आमच्यावरचे ठसे खरे निघाले. पण तोंडाकडून बघितल्यावर नळी आतून गुळगुळीत होती, सातही खाचा काढून टाकलेल्या. दस्ता चिरलेला, त्यावर कुणीतरी तांब्याची तार आवळलेली. मूळ रूपातल्या रायफलीचे भाव हिला लावायचे नाहीत, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. शिवाय आपल्याकडे ती परवानाधारकाला नाहीतर परवाना असलेल्या व्यापाऱ्यालाच देता येते, तेव्हा मोबाईलवरचे आकडे इथे लागूच नाहीत.

सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही आईला सांगितलीत. मेसोपोटेमियात आपल्या पलटणींच्या हातात मॅगझिनची, म्हणजे एकदम अनेक काडतुसं मावणारी थ्री-नॉट-थ्री रायफल होती, ही त्याआधीच्या पिढीतली. "आणि वैनी, फौजेतली रायफल कोतात, म्हंजे हत्यारांच्या कोठीत, परत जाती, घरी येत न्हाई." आईचा चेहरा पडला. तेव्हा तुम्ही ट्रंकेतले पणजोबांचे कागद मागितलेत, चष्मा पुसून डिस्चार्जचा, म्हणजे फौजेतून सुटल्याचा कागद शोधलात आणि उभं राहून मोठ्याने वाचलात. त्यात मेसोपोटेमिया होतं. बंदुकीची गोष्ट गेली, पणजोबांची राहिली. काका, हे तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं.

ट्रंकेत आजोबांच्या नावाचा परवाना होता, पण कितीतरी वर्षांपूर्वी संपलेला. तो बघून तुम्ही किंमतीची चर्चाच थांबवलीत. शस्त्र कायद्याचं कलम 21 समजावलंत, परवाना सरला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायचं. दुसऱ्या दिवशी आधी ठाण्यात कळवलंत, मग स्वतः सोबत आलात, पावतीवर क्रमांक आणि ठसे बरोबर उतरलेत का ते अक्षर-अक्षर तपासलंत. त्या पंधरा हजारांच्या नादात मी घरादाराला केवढ्या गोत्यात घातलं असतं, ते पावती हातात आल्यावर समजलं. आता वारसाचा अर्ज कलेक्टर ऑफिसात आहे. निकाल काहीही लागो, विकायची नाही एवढं घरात ठरलंय.

पेन्सिलीचा तो कागद आणि डिस्चार्जचा कागद एकाच फ्रेममध्ये लावलेत. फ्रेम कुठे टांगायची ते सुभेदार भाऊजींना विचारूनच, असं आईने बजावलंय. गौरी-गणपतीला काकूंना घेऊन या, तोवर ती देवघराशेजारी टेकवून ठेवलीय.

आपला कृतज्ञ,
शिवाजी पेठेतला तुमचा पुतण्या