रुग्णाला मागचंही विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

श्वसनमार्गाच्या विषाणूची साथ आली की संपर्कशोध सुरू होतो. आरोग्य कर्मचारी रुग्णाला विचारतात, "गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात?" त्या लोकांना गाठून विलगीकरणात ठेवलं जातं. हे हवंच. पण "तुम्हाला लागण कुठे झाली असेल?" हा प्रश्न घाईत मागे पडतो. माझी कळकळीची विनंती त्याच्यासाठी आहे.

कोविडमध्ये स्पष्ट दिसलं की बहुतेक रुग्ण पुढे कोणालाच लागण देत नाहीत किंवा एखाद्यालाच देतात. मोजक्या प्रसंगी मात्र एकाकडून डझनावारी लोकांना होते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव झाला. हजर ६१ जण. त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढे निश्चित आणि संभाव्य मिळून ५३ रुग्ण निघाले, दोघं दगावले. यातल्या एखाद्या रुग्णाचा फक्त पुढचा माग काढला तर त्याचं कुटुंब हाती लागेल. मागे गेलात, तर सरावाचा तो हॉल आणि तिथले बाकीचे सगळे सापडतील. जपानने २०२० मध्ये सुरुवातीपासून असा उलटा माग काढला. बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून बोलणं टाळा, हा त्यांचा सल्ला त्यातूनच आला.

म्हणून प्रश्नावलीत लक्षणांआधीचे फक्त दोन दिवस नव्हे, विषाणूच्या अधिशयन काळाइतकं, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाइतकं, मागे जा. कोविडसाठी तो १४ दिवसांपर्यंत धरला जाई, फ्लूचा बराच कमी असतो. माणसांबरोबर जागाही विचारा: खिडक्या उघड्या होत्या का, किती वेळ बसलात, गाणं किंवा मोठ्याने बोलणं झालं का? हे विषाणू हवेतूनही पसरतात. फक्त हात लावलेल्या वस्तू शोधून भागणार नाही.

आणि भीतीचं काय? गुन्हा दाखल होईल, नाव बाहेर फुटेल असं वाटलं, तर कोणीही खरं ठिकाण सांगणार नाही. ही माहिती पोलिसांकडे जाणार नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट होईल, असा लेखी आदेश काढा. पण जागा दडवू नका. दक्षिण कोरियात २०१५ च्या मर्स (कोरोना विषाणूमुळे होणारा आणखी एक श्वसनरोग) साथीत सरकारने सुरुवातीला रुग्णालयांची नावं दडवली. १८६ रुग्ण झाले, ३८ मृत्यू. जागेचं नाव जाहीर करा, माणसाचं नको.

यासाठी रुग्णाशी निवांत बोलू शकतील अशी प्रशिक्षित माणसं लागतील. त्यांची भरती साथ नसताना, आत्ताच करा.

आपला,
एक नागरिक