विज्ञानकादंबरी अवघड नसते, निवड चुकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमधून विज्ञानकादंबऱ्या आणि फॅन्टसी यांच्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, याचा मनापासून आनंद वाटतो. पण वाचनकट्टे, पुस्तकभिशी आणि ग्रंथालयांतले वाचनगट यांच्या वर्षाच्या यादीत या पुस्तकांना जागा मिळते ती फार तर एकदा. निम्म्याहून अधिक सभासदांचे पुस्तक अर्ध्यावर राहते, चर्चा वीस मिनिटांत आटोपते आणि ‘हे आपल्याला झेपणारे नाही’ असे ठरून जाते. यात वाचकांचा दोष नसतो आणि पुस्तकाचाही क्वचितच असतो. त्या गटासाठी ते पुस्तक निवडणे चुकलेले असते. म्हणून निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी पानांचा हिशेब. ओळखीच्या जगातली मराठी कादंबरी वाचताना तासाला तीस-पस्तीस पाने सहज होतात. अनोळखी ग्रहावरची किंवा नव्या राज्यातली इंग्रजी कादंबरी असेल, तर सुरुवातीला वीस पाने झाली तरी पुष्कळ. म्हणजे तीनशे पानांना पंधरा तास. महिनाभर रोज अर्धा तास. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या वाचकाकडे यापेक्षा जास्त वेळ नसतो, म्हणून महिन्याला भेटणाऱ्या गटाने तीनशे पानांची मर्यादा पाळावी. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (1965) फार थोर कादंबरी आहे, पण तिची पाने सहाशेच्या आसपास जातात. ती घ्यायचीच असेल तर दोन महिने द्यावेत आणि मधली बैठक कुठल्या प्रकरणापर्यंत, हे आधीच जाहीर करावे. एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ (1895) मात्र शंभर पानांच्या आगेमागे संपते. वर्ग, श्रम आणि माणसाचे भवितव्य यांवर दीड तास बोलायला तेवढी पाने भरपूर होतात. नव्या गटाने इथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण पुरस्कारांची. यादी करणारे बहुधा ह्यूगो किंवा नेब्युला विजेते शोधतात. ह्यूगो विश्व विज्ञानकथा संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर ठरतो, तर नेब्युला या क्षेत्रातल्या लेखकांच्या संघटनेच्या. दोन्हीकडचे मतदार या साहित्यात मुरलेले असतात आणि त्यांना जे ताजे वाटते ते नवख्याला दुर्बोध वाटू शकते. शिवाय विजेते पुस्तक मालिकेतले कितवे, हे यादीत दिसत नाही. एन. के. जेमिसिन यांना 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे ह्यूगो मिळाला, तो एकाच त्रयीच्या तीन भागांना. कुणी 2018 ची विजेती म्हणून ‘द स्टोन स्काय’ मागवली, तर हातात येते तिसरे पुस्तक. ल्यू सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही ह्यूगो मिळवणारी पहिली अनुवादित कादंबरी (2015). तीही त्रयीची सुरुवात आहे, तिच्या शेवटी मूळ प्रश्न उभाच राहतो. टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तर लेखकाच्या मनात एकच कादंबरी होती. 1954-55 मध्ये ती तीन खंडांत निघाली इतकेच. ‘या महिन्यात पहिला भाग घेऊ’ म्हणणारा गट प्रवासाच्या मध्यावरच थांबतो.

तेव्हा मालिकेतले पुस्तक घेताना एकच विचारावे : याच पुस्तकात कथा पूर्ण होते का? अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) या कसोटीला उतरते. जेमतेम दोनशे पाने, एक मुलगा, गर्वापोटी त्याच्या हातून झालेली एक भयंकर गोष्ट आणि तिचा त्याने केलेला सामना. पुढचे भाग नाही वाचले तरी काही अडत नाही. फॅन्टसी म्हणजे लहान मुलांची पुस्तके, असे मानणारे सभासद गटात असतील तर त्यांच्यासाठी हीच निवडावी.

पुस्तक अर्धवट सुटते ते बहुतेक पहिल्या पन्नास पानांत. म्हणून सुचवणाऱ्याने तेवढी पाने स्वतः वाचून नवी नावे मोजावीत. एका प्रकरणात दहा-बारा नवी नावे येत असतील तर गटाला मदत लागणार. ले ग्विन यांचीच ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (1969) हे याचे उत्तम उदाहरण. तिच्यातल्या ग्रहावरची माणसे एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस त्यांना यांपैकी एक रूप येते, आणि कोणते येईल ते आधी ठरलेले नसते. गटचर्चेसाठी यापेक्षा सुपीक विषय शोधून सापडणार नाही. पण कादंबरी उघडते ती राजाच्या मिरवणुकीत, कारहाइड, एर्हेनरांग, शिफग्रेथोर असल्या शब्दांच्या गर्दीत. दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांत कथा मध्येच सोडून त्या ग्रहावरच्या लोककथा येतात. वाचकाला वाटते की आपलेच काही निसटले. शरीरव्यवस्थेची सलग माहिती देणारे टिपण थेट सातव्या प्रकरणात आहे. बरेच वाचक तिथवर पोहोचण्याआधीच पुस्तक मिटतात. संयोजकाने एवढेच सांगावे : मधल्या लोककथा वेगळ्या निवेदकांच्या आहेत, सातव्या प्रकरणापर्यंत धीर धरा, आणि शेवटचा बर्फावरचा प्रवास सावकाश वाचा. सोबत एका पानावर व्यक्ती, स्थळे आणि साधारण उच्चार लिहून द्यावेत. कथानक मात्र त्या पानावर अजिबात येऊ देऊ नये.

आता आवृत्तीचा प्रश्न. याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ (1961) मूळ पोलिश. तिचा 1970 चा इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून झाला आणि अनेक दशके तोच चालला. थेट पोलिशवरून इंग्रजी अनुवाद आला तो 2011 मध्ये. जुन्या अनुवादात नायकाच्या दिवंगत पत्नीचे नाव रेया, नव्यात हॅरी. जुन्यात शास्त्रज्ञ स्नो, नव्यात स्नाउट. अर्ध्या गटाने एक आणि उरलेल्यांनी दुसरा वाचला, तर आपण एकाच व्यक्तीविषयी बोलत आहोत हे कळायलाच दहा मिनिटे जातात. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चे 1818 आणि 1831 असे दोन पाठ आहेत. पहिल्यात एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण, दुसऱ्यात ती अनाथ, दत्तक आणलेली मुलगी. शिवाय दुसऱ्यात नियतीवर भर वाढतो. नायकाने आपल्या हाताने हे ओढवून घेतले की ते त्याच्या नशिबातच होते, या वादाचे उत्तर काही अंशी तुम्ही कोणता पाठ वाचलात यावर अवलंबून राहते. ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद आजही फुकट आणि स्वस्त आवृत्त्यांतून फिरतो, त्यात मूळ मजकुराचा मोठा भाग गाळलेला आहे आणि शास्त्रीय तपशिलांत चुका आहेत. व्हर्नच्या मराठी रूपांतरांतही संक्षिप्त आणि मुलांसाठीची बरीच आहेत. ती वाचायला छान असतात, पण मोठ्यांच्या चर्चेला पुरत नाहीत. म्हणून पुस्तकाचे नाव जाहीर करताना अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्तीचे साल बरोबर द्यावे.

चर्चा रंगेल की नाही, हे निवडतानाच ओळखता येते. लेखकाने आपल्या जगातला कोणता एक नियम बदलला आणि त्यामुळे माणसांच्या वागण्यात काय फरक पडला, हे सुचवणाऱ्याला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. नुसती याने, लढाया आणि यंत्रेच सांगावी लागत असतील तर ते पुस्तक एकट्याने वाचायला ठेवावे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’मध्ये (1979) कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय लेखिका 1976 मधून पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. कशी, याचा खुलासा पुस्तकात कुठेच नाही आणि त्याची गरजही भासत नाही. ‘मला विज्ञान कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ही अतिशय योग्य निवड. तिच्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचार आहेत, हे मात्र मतदानाआधी सांगायलाच हवे.

दुसऱ्या टोकाला विज्ञान जाणणारे सभासद असतात. वेल्सच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’वर बोलताना कुणीतरी हमखास म्हणते की, अदृश्य माणूस आंधळाच असणार, कारण दृष्टिपटलाने प्रकाश शोषला नाही तर त्याला दिसणार कसे? मुद्दा अगदी बरोबर आहे. पण त्यावरच तासभर गेला, तर सत्ता हाती आल्यावर त्या माणसाचे काय झाले हे राहूनच जाते. विज्ञानाच्या शक्याशक्यतेला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे ठरवून द्यावीत आणि ती विषय जाणणाऱ्यालाच सांभाळू द्यावीत. त्याचाही मान राहतो आणि बाकीच्यांना बोलायला जागा मिळते.

मराठी पुस्तके बाजूला ठेवून ही यादी करणे मला अजिबात पटत नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या कादंबऱ्या गटाने एकत्र बसून वाचल्याचे क्वचितच ऐकू येते. ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘वामन परत न आला’ या तिन्ही आटोपशीर आहेत, भाषा सोपी आहे आणि कथा आपल्या ओळखीच्या माणसांत घडते. ‘वामन’मध्ये जमिनीखाली सापडलेले प्राचीन, आपल्याहून प्रगत ज्ञान वापरावे की नाही, हा प्रश्न आहे, विचार करणाऱ्या यंत्रांच्या आजच्या दिवसांत तो अधिकच जवळचा वाटेल. सुबोध जावडेकरांची ‘आकांत’ भोपाळच्या वायुदुर्घटनेवर आधारलेली आहे. ती विज्ञानकादंबरी म्हणायची की वास्तववादी, यावरच गटात चांगली जुंपेल. वर्षात सहा पुस्तके घेणार असाल तर निदान दोन मराठी असावीत आणि दोन जाड पुस्तके लागोपाठ घेऊ नयेत.

प्रतींची सोय मतदानाआधी पाहावी, नंतर नव्हे. दहा जणांच्या गटात चार प्रती फिरवायच्या म्हटले तर शेवटच्याच्या हाती पुस्तक बैठकीच्या आदल्या आठवड्यात येते. निदान पाच आठवडे आधी नाव पक्के करून दोन माणसांत एक प्रत तरी मिळेल असे पाहावे. जुनी मराठी पुस्तके पुनर्मुद्रित झालेली नसतील तर आसपासच्या ग्रंथालयांत आधी चौकशी करावी. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्कॅन केलेली पुस्तके टाकणे बंद व्हायला हवे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतात. म्हणजे व्हर्न, वेल्स, ‘1984’वाले ऑर्वेल आणि 2024 पासून ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’वाले हक्स्ली यांची मूळ पुस्तके आपल्याकडे मोकळी आहेत. त्यांचे अलीकडचे अनुवाद मात्र नाहीत, कारण अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. चित्रपट निघालेले पुस्तक घ्यायला हरकत नाही. फक्त 2021 च्या ‘ड्यून’ चित्रपटात कादंबरीचा पूर्वार्धच येतो, हे तो पाहून येणाऱ्यांना सांगून ठेवावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक आग्रहाची विनंती. पुरवणीत विज्ञानकादंबरीचा किंवा फॅन्टसीचा परिचय छापताना त्याखाली लहान टाइपात पृष्ठसंख्या, किंमत, अनुवादकाचे नाव, मालिकेतला क्रमांक, कथा त्याच पुस्तकात संपते की नाही, आणि पुस्तक सध्या बाजारात मिळते का, एवढे द्यावे. सहा-सात ओळींची जागा लागेल. गावोगावच्या संयोजकांना त्या कापून थेट मतदानाच्या यादीत चिकटवता येतील.

आपला,
एका वाचनगटाचा संयोजक, मिरज