दिरहम जागेवरच आहे, सरकलाय तो रुपया

महोदय,

दुबईचं म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचं चलन असलेल्या दिरहमचा दर २४ रुपयांपुढे गेल्यापासून नेरूळ-खारघर पट्ट्यात ज्यांची मुलं-जावई आखातात आहेत, त्या घरांत रोज तोच विषय. ‘आत्ताच पाठव, दर चांगला मिळतोय’, ‘थांब, अजून चढेल’ अशी फोनाफोनी सुरू असते. बातम्यांतूनही ‘दिरहम वधारला’ एवढंच छापून येतं. वाशीतल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. त्या नोकरीमुळे कळकळीने सांगावंसं वाटतं की ही वाढ मिळकत समजून कुणी घराचे हिशेब मांडू नयेत.

मुळात दिरहम वाढलेलाच नाही. १९९७ पासून तो एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. २००८ ची मंदी आली, २०२० ची टाळेबंदी आली, तो आकडा हलला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले आणि त्याच हिशेबाने दिरहम साडेचोविसाच्या घरात गेला. दुबईत काहीही घडलेलं नव्हतं.

या दोन चलनांचं नातं किती जवळचं होतं, हे आज फारसं कुणाला ठाऊक नाही. दुबई, कतार, बहारीन, कुवेत इथे एकेकाळी आपला रुपयाच चालत असे. त्यातून एक चोरवाट तयार झाली. आखातातलं सोनं चोरून मुंबईच्या किनाऱ्याला उतरायचं, त्याची किंमत रुपयाच्या नोटांत तिकडे जायची, आणि तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेला परत देऊन बदल्यात पौंड मागायच्या. देशाची गंगाजळी अशी झिरपू लागली, तेव्हा १९५९ मध्ये कायदा करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी आपल्याच नोटांची, काढणारी रिझर्व्ह बँकच, फक्त रंग निराळा आणि क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर. दहाची नोट लाल होती, शंभराची हिरवी. जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडे आजही ती पाहायला मिळते. हाच तो ‘गल्फ रुपी’. मोल आपल्या रुपयाएवढंच, एका पौंडाला १३ रुपये ३३ पैसे.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. बाकीचे रुपयातच राहिले, ते ६ जून १९६६ पर्यंत. दोन युद्धं, दुष्काळ, अडलेली परदेशी मदत आणि जागतिक बँक-नाणेनिधीचा आग्रह, अशा कोंडीत इंदिरा गांधींच्या सरकारने त्या दिवशी रुपयाचं अवमूल्यन केलं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. दुबईच्या पेढीवाल्याने काही विकलं नव्हतं की घेतलं नव्हतं, तरी तिजोरीतल्या त्याच्या नोटांचं मोल एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरलं. कतार आणि दुबईने लगोलग रुपया सोडून स्वतःचा रियाल आणला आणि त्याचं मोल धरलं ते अवमूल्यनाआधीच्या रुपयाएवढं. पुढे संयुक्त अरब अमिरात एकत्र आली, १९७३ मध्ये दिरहम निघाला, तोही त्या रियालला एकास एक.

म्हणजे आजचा दिरहम वंशाने आपला १९६६ आधीचा रुपयाच आहे. त्या जून महिन्यात दोघांच्या वाटा फुटल्या आणि एकास एक होतं ते एकास चोवीसहून अधिक झालं. मला हा आकडा डॉलरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

यात आपली नामुष्की आहे, असं मी म्हणत नाही. त्यांच्यामागे तेल होतं आणि लोकसंख्या मूठभर. आपणही दर धरून ठेवून पाहिला. त्याची किंमत १९९१ मध्ये कळली, जेव्हा रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशी तारण ठेवावं लागलं आणि १ व ३ जुलैला दोन हप्त्यांत पुन्हा अवमूल्यन करावं लागलं. रुपया बाजाराच्या हवाली करणं तेव्हा योग्यच होतं, असं माझं मत आहे. पण त्याचा अर्थ घरखर्च चालवणाऱ्याला कुणीतरी समजावून द्यायला हवा होता.

तो अर्थ साधा आहे. ज्या डॉलरमुळे पाठवलेल्या दिरहमचे जास्त रुपये होतात, त्याच डॉलरमध्ये कच्चं तेल आणि सोनं विकत घेतलं जातं. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलात ८५ टक्क्यांहून अधिक वाटा आयातीचा आहे. मुलीच्या लग्नाचे दागिने करायला सराफाकडे गेलं की वाढलेले रुपये तिथेच संपतात. दर चढा आहे म्हणून तिकडे वैयक्तिक कर्ज काढून इकडे पैसे पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत. दरातला फायदा दिरहममागे काही पैशांचा असतो आणि व्याज वर्षानुवर्षं दिरहममध्ये फेडावं लागतं. नोकरी गेली तर काय, हा विचारच केलेला नसतो. ज्यांना बचतच करायची आहे, त्यांनी बँकेत एफसीएनआर, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी असलेल्या परकीय चलनातल्या ठेवीची चौकशी तरी करावी. ती डॉलर-पौंडात राहते, त्यामुळे रुपया घसरला तरी मुद्दलाला धक्का लागत नाही. काउंटरवर आलेल्या बहुतेकांना ही ठेव माहीतच नसायची.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. दिरहमचा दर छापाल तेव्हा त्याच्याशेजारी त्या दिवशीचा डॉलरचा दर आणि वर्षापूर्वीचा दिरहमचा दरही छापावा. दोन ओळींची जागा लागेल, पण पैसे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नेमकं काय सरकलं ते रोज दिसेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नेरूळ, नवी मुंबई